तहकीकात कोणाची?

पंढरपूर हे विठ्ठलाच्या यात्रेमुळे सर्वांस ठाऊक असले, तरी सोलापूर जिल्ह्यातील याच क्षेत्री लालशंकर उमियाशंकर या न्यायाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने १८७५ साली बालहत्याप्रतिबंधक गृह निघाले, आणि यात्रेच्या मिषाने येऊन गुपचूप प्रसूत होण्याची पाळी ज्यांच्यावर येई अशा विधवांच्या अर्भकांची सोय पुढे प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली तेथे होत राहिली, हे फार थोड्यांना माहीत असते. मूल जगावे कसे, एवढाच त्या गृहापुढे प्रश्न होता. वर्तमानपत्रांना मात्र निराळीच जिज्ञासा होती.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशी फर्मावली, जी पुढे सौम्य झाली. आणि त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीच्या शीलाचाच पंचनामा मांडला. बाई आरोपी होती हे खरे. परंतु जिला पुनर्विवाहाची बंदी, तिच्या गर्भाचा जनक कोण, ही तहकीकात करण्याची गरज कोणासही भासली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून, स्त्रीच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण पुरुषाच्या पदरात परत टाकला, तो याच संतापाने.

गुन्ह्याची हकिकत सांगताना पुरुषाला कथेबाहेर काढून स्त्रीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही रीत न्यायासनासही अपरिचित नव्हती. १९७२ च्या मार्च महिन्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन शिपायांनी एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याची फिर्याद झाली. तिचे नाव खटल्यास कायमचे चिकटले असून येथे ते मी हेतुपुरस्सर गाळतो. सत्र न्यायालयाने तिला संभोगाची सवय होती म्हणून आरोपी सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांस दोषी धरले. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमा नाहीत, सबब प्रतिकार नाही, अशा तर्काने पुन्हा मुक्त केले. रात्री ठाण्यात वर्दीपुढे उभ्या असलेल्या पोरीने प्रतिकाराचा दाखला अंगावर वागवावा, ही अपेक्षा मला आजही अमानुष वाटते. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेन्द्र बक्षी या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला तोही त्याच दुरुस्तीने. फिर्यादी स्त्री सर्वसाधारणतः अनीतिमान आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम मात्र २००३ पर्यंत पुराव्याच्या कायद्यात सुखाने नांदत होते.

आता पॉडकास्ट आणि यूट्यूब यांवरील गुन्हेकथांचा सुकाळ आहे. त्यांस माझी सरसकट हरकत नाही. फिर्याद नोंदविण्यास विलंब का झाला, वैद्यकीय तपासणी कशी झाली, साक्षीदार का फिरले, हे सांगणारा निवेदक लोकशिक्षणच करतो. परंतु पार्श्वसंगीताच्या साथीने ‘ती त्या वेळी तेथे का गेली?’ असे विचारणारा, मृत मुलीची छायाचित्रे जाहिरातींच्या मध्ये पेरणारा आणि तिच्या आईबापांस साधे विचारण्याची तसदीही न घेणारा निवेदक ‘पुणेवैभवा’चाच वारस होय. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने, पीडिता हयात नसली तरी तिचे नावच नव्हे, तर ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करू नये, असे बजावले. आणि त्यानंतरही नाव तेवढे बदलून तिची गल्ली, तिची शाळा, तिच्या घराचा दरवाजा दाखविणाऱ्या चित्रफिती निघतच आहेत.