ट्रॉलीचा टायर का फुटतो?

लाखनी परिसरात धानाचे कट्टे वाहणाऱ्या ट्रॉलीचा टायर फुटला की दोष खड्ड्याला दिला जातो. खरं कारण बहुतेकदा कमी हवा आणि जादा माल. टायरची बाजू सतत दुमडते, तापते, आतले धागे सुटतात. मे महिन्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर हे आणखी लवकर घडतं.

ट्रॉली वर्षातले बरेच महिने उभीच असते. त्यामुळे नक्षी शाबूत दिसते, रबर मात्र तडकलेलं असतं. वय बाजूवरच्या चार आकड्यांतून कळतं: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

जास्त प्लायचा टायर जादा वजन पेलतो, पण त्याला हवाही जास्त लागते. जुन्याच दाबावर चालवला तर पैसे वाया! रिम, एक्सल तेवढ्या वजनाचे आहेत का, हेही पाहावं.

हवा टायर थंड असतानाच मोजावी.