पिशवीत पिशवी आणि मराठीची शिरोरेषा

मोबाइलवर आपण वीजबिल भरतो, एसटीचं तिकीट काढतो. तिथली बटणं, रकाने दर वेळी कोणी नव्यानं घडवत नाही. गवंडी तयार चौकटी आणतो, तसे प्रोग्रामर तयार सुटे भाग आणतात. या संचाला लायब्ररी म्हणतात.

बटण कसं दिसावं, हे त्याला चिकटवलेली नावं ठरवतात. समजा, ‘मोठं’, ‘लाल’, ‘मराठी’. ही नावं म्हणजे क्लास. कुठल्या नावानं काय करायचं, ते सीएसएस या नियमावलीत लिहिलेलं असतं. तिची कल्पना हाकोन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली.

अडचण पुढं आहे. लायब्ररीत या नावांचे गठ्ठे होतात. बटणाच्या गठ्ठ्यात इशाऱ्याचा, त्यात मराठीचा, पिशवीत पिशवी. ब्राउझरला पिशव्या कळत नाहीत. त्याला मध्ये मोकळी जागा सोडून एका ओळीत लिहिलेली नावं लागतात. पिशवी तशीच त्या ओळीत ओतली, तर जावास्क्रिप्ट मध्ये स्वल्पविराम घालते. मग ‘मोठं,लाल,मराठी’ हे सगळं मिळून ब्राउझरला एकच नाव वाटतं. नियमावलीत ते सापडत नाही. कुरकूर न करता तो साधं बटण दाखवतो.

यात आपलं काय जातं? इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडलेलं शोभतं. देवनागरीत तसं केलं, की ‘कोल्हापूर’ची शिरोरेषा तुटते. उर्दूतली अक्षरं तर हातात हात घालूनच चालतात. त्यांचेही हात सुटू शकतात. म्हणून ‘मराठी’ या नावाचा नियम सांगतो, की अंतर शून्य ठेवा आणि वेलांट्या-उकारांसाठी ओळींमध्ये जास्त जागा सोडा. तेच नाव आतल्या पिशवीत अडकलं, की भाषा विस्कटते.

उपाय धान्य निवडण्यासारखा आहे. प्रत्येक पिशवी उघडायची. आत आणखी पिशवी निघाली, तर तीही उघडायची. ‘मुदत उलटली तरच लाल’ अशी अट असेल आणि मुदत उलटली नसेल, तर ते नाव गाळायचं. उरलेली नावं एका ओळीत मांडायची. व्ह्यू ही लायब्ररी हे काम स्वतः करते. २०१३ मध्ये खुली झालेली रिअ‍ॅक्ट तयार ओळ मागते. तिथं सीएलएसएक्ससारखं छोटं साधन मदतीला येतं.

या ओळीतल्या नावांचा क्रम महत्त्वाचा नसतो. सारख्या वजनाचे दोन नियम भांडले, तर नियमावलीत नंतर लिहिलेला जिंकतो. म्हणून मराठीचा नियम शेवटी लिहावा. आणि तपासणी इंग्रजी शब्दावर उरकू नये, कारण तिथं ही चूक दिसतच नाही. ‘कोल्हापूर’ लिहावं आणि रेषा अखंड आहे का, ते पाहावं.