‘इन’चा ‘इम’ का होतो?

‘करेक्ट’च्या उलट ‘इनकरेक्ट’, मग ‘पॉसिबल’च्या उलट ‘इम्पॉसिबल’ आणि ‘लीगल’च्या उलट ‘इलीगल’ का? उपसर्ग तीन दिसतात, पण मूळ एकच: लॅटिनमधला नकारार्थी ‘इन’.

‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं, ‘प’ म्हणताना ओठ मिटतात. घाईत ओठ आधीच मिटतात आणि ‘न’चा ‘म’ होतो. पुढे ‘ल’ आला, तर ‘न’ त्याच्यातच मिसळतो. म्हणून ‘इलीगल’च्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’. जगत् अधिक नाथ मिळून जगन्नाथ होतो, तसाच हा संधी. तो लॅटिनमध्येच झाला होता.

मात्र प्रत्येक ‘इम’ नकारार्थी नसतो. ‘इम्पोर्ट’मध्ये तो ‘आत’ या अर्थाच्या दुसऱ्या ‘इन’पासून आला आहे, ‘पोर्ट’ या धातूचा अर्थ वाहून नेणं. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, म्हणून ‘एक्सपोर्ट’.

हा घोटाळा धोक्याचाही ठरू शकतो. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारं. वाचणाऱ्याला वाटायचं, न पेटणारं! म्हणूनच विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा तज्ज्ञांनी ‘इन’ गाळून ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला.