बाई, एकीला जाऊ?

बालमित्रांनो, एक खूण ओळखा पाहू! वर्ग चालू आहे, फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज आहे आणि एक मुलगा करंगळी वर करून उभा आहे. ओळखलंत ना? हसू नका हं! ही खूण तुमच्या आजोबांच्या शाळेतही होती. करंगळी म्हणजे एकी आणि दोन बोटं म्हणजे दुकी. आज आपण या करंगळीबद्दलच मोकळेपणानं बोलू या. कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि त्रास मात्र पुष्कळांना होतो.

करंगळी वर झाली की बाई म्हणतात, "आत्ताच तर सुट्टी झाली ना? बस खाली!" तुम्हाला राग येतो. पण बाईंची अडचणही ऐका. वर्गात चाळीस मुलं. एकाला सोडलं की पाठोपाठ चार करंगळ्या वर! त्यातल्या दोघांना खरंच जायचं असतं, बाकीच्यांना गणितापासून सुटका हवी असते. बाहेर गेलेली जोडी नळावर पाणी उडवत बसते. मग पुढच्या वेळी खरी गरज असलेल्यालाही "नाही" ऐकावं लागतं. थाप मारतो एक आणि शिक्षा होते दुसऱ्याला.

आता शरीराच्या आत जरा डोकावू. आपली मूत्रपिंडं रात्रंदिवस रक्त गाळत असतात. तयार झालेली लघवी मूत्राशय नावाच्या पिशवीत साठते. ही पिशवी केवढी असते? डॉक्टरांचा एक सोपा हिशोब आहे. तुमच्या वयात २ मिळवा आणि ३० ने गुणा. आठ वर्षांच्या मुलीचं उत्तर आलं ३०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दीड पेला. मोठ्या माणसाच्या पिशवीत ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. म्हणून बाईंना जितका वेळ थांबता येतं, तितका वेळ पहिली-दुसरीच्या मुलांना थांबता येत नाही.

पिशवी ताणली की मेंदूला निरोप जातो, "चला आता!" हा निरोप एखाद्या वेळी थोडा लांबवला तर बिघडत नाही. पण रोजच दाबून धरलं तर साचलेल्या लघवीत जंतू वाढू शकतात. मग जळजळ होते, ताप येतो. दुकी टाळणाऱ्याचं पोट साफ होत नाही. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि कधी कधी वर्गातच चड्डी ओली होते. तो आळस नसतो की खोडी नसते. अशा मित्राला चिडवू नका. त्याला बाईंकडे गुपचूप घेऊन जा.

पण परवानगी मिळूनही काही मुलं जात नाहीत. असं का? कारण दाराआड घाण असते, पाणी नसतं, कडी तुटलेली असते. मग काही मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत! आपल्या वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हापायीच विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. अशा उन्हात तहान मारून बसणं किती घातक, सांगा बरं!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असलीच पाहिजेत असं ठरवलं. २०१४ च्या 'स्वच्छ विद्यालय' मोहिमेत ४० मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असा हिशोब सांगितला गेला. पण बांधलेलं स्वच्छ कोण ठेवणार?

या प्रश्नाला उत्तर देणारी एक शाळा आपल्याच जिल्ह्यात होती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून 'नयी तालीम' नावाची शिक्षणपद्धती निघाली. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्यानं तशी शाळा चालवली. तिथे सूतकताई आणि शेतीसारखाच सफाई हाही शिकण्याचा विषय होता. मुलं आणि शिक्षक मिळून संडास साफ ठेवत. मैल्याचं सोनखत करून ते शेताला घालत. त्या काळी हे काम काही ठराविक जातींच्या माथी मारलेलं होतं, हे लक्षात घ्या. १९४६ च्या सुमारास विनोबाही खांद्यावर फावडं टाकून पवनारहून रोज सुरगावला पायी जात आणि तिथली घाण उचलत.

आज तुम्हाला मैला उचलायचा नाही. पण वापरल्यावर पाणी टाकणं, नळ बंद करणं आणि साबणानं हात धुणं हे प्रत्येकाचंच काम. वर्गात सफाईची पाळी लावली तर ती सगळ्यांची असावी, गुरुजींची आणि बाईंचीसुद्धा! ती फक्त मुलींवर किंवा ठराविक मुलांवर पडत असेल, तर घरी जरूर सांगा.

आता बाईंसाठी एक युक्ती. दाराजवळ खिळ्याला दोन लहान पाट्या टांगा, एक मुलांची, एक मुलींची. ज्याला जायचं असेल त्यानं पाटी उचलायची, बाईंना दाखवायची आणि आल्यावर जागेवर लावायची. पाटी नसेल तर आधीचा येईपर्यंत थांबायचं. फारच घाई असेल तर तसं सांगायचं. ना विचारणं, ना ओरडणं, बेरीजही थांबत नाही! केरळ आणि कर्नाटकातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. तशी घंटा आपल्याकडेही वाजवता येईल. पण पाणी प्यायला सांगितलं की करंगळीलाही 'हो' म्हणावं लागेल, बरं का!

आई-बाबांनो, सकाळी मुलाला शौचाला पुरेसा वेळ द्या. शाळेतून आल्याआल्या तो मोरीकडे पळत असेल, तर शाळेत का गेला नाहीस, एवढं प्रेमानं विचारा. वारंवार जावं लागत असेल किंवा जळजळ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि बाईंना चिठ्ठी द्या.

आणि दोस्तांनो, पाटी हातात आली की थेट जायचं आणि थेट यायचं. तुमच्यामागे कुणीतरी खरोखरच वाट बघत असेल. मग, उद्या हा लेख बाईंना दाखवणार ना?