अवरक्त प्रकाशातली मुसी

हैदराबादेत जामबागेतल्या ‘विवेकवर्धिनी’ या शिक्षणसंस्थेपासून मुसी नदीचं पात्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुलावरून बघताना मळकं हिरवं पाणी कुठे संपतं आणि जलपर्णी कुठे सुरू होते, हे चटकन कळत नाही. अवरक्त छायाचित्रात मात्र जलपर्णी पांढरीशुभ्र उमटते आणि मोकळं पाणी गडद, जवळजवळ काळं. अशी छायाचित्रं रॉबर्ट वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1910 साली प्रसिद्ध केली.

पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध कंप पावतात आणि त्या कंपनांत अवरक्त प्रकाश शोषला जातो. 650 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश एक मीटर स्वच्छ पाण्यातून सुमारे 70 टक्के पार होतो. 850 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश जेमतेम एक-दीड टक्का. या शोषणाचं शेपूट तांबड्या रंगापर्यंत पोचतं, म्हणून खोल स्वच्छ पाण्याला निळी झाक असते. तेलंगणातच, मणुगुरूला तयार होणाऱ्या जड पाण्यात ही झाक नसते. त्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असतो. कंपनं मंदावतात आणि शोषण आणखी लांब तरंगांकडे सरकतं. पाण्याची निळी झाक आणि अवरक्तातला काळेपणा, दोन्ही एकच कंपन ठरवतं, हे मला फार सुंदर वाटतं.

काळेपणात आकाशाचाही वाटा आहे. निळ्याच्या तुलनेत 850 नॅनोमीटरचा प्रकाश हवेत सुमारे तेरापट कमी विखुरतो. आकाशच गडद, तर त्याचं प्रतिबिंबही गडद. काठावरच्या झाडाचं प्रतिबिंब मात्र संथ पाण्यात पांढरं पडतं. या सगळ्याचा उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याशी संबंध नाही. तो कितीतरी लांब तरंग पकडतो.

17 मार्च 1988 रोजी सुटलेल्या आयआरएस-1ए या भारतीय उपग्रहाने आपल्याला ही नजर आकाशातूनही दिली. हैदराबादच्याच बाळानगरातलं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र अशा उपग्रहांची चित्रं हाताळतं. त्यांत अवरक्ताला लाल रंग देण्याची पद्धत आहे. जलपर्णीने झाकलेला तलाव लाल दिसतो, मोकळा तलाव काळा. शहरातल्या तलावांवर लक्ष ठेवायला याहून सोपं साधन नाही आणि ते शाळांपर्यंत पोचायलाच हवं.

पुरात मात्र अडचण येते. गाळाचे कण अवरक्त प्रकाश परत फेकतात, त्यामुळे गढूळ पाणी उजळ दिसतं. तिथे 1600 नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा उपयोगी पडतो, कारण त्यात गढूळ पाणीही काळं राहतं. ढग दाटले, की हाही प्रकाश अडतो आणि रडारकडेच वळावं लागतं.