हात सैल, हात आखडता : स्वभाव, नाती आणि पैसा

आजचा विषय सगळ्यांच्या घरातला आहे. समजा, परभणीच्या मोंढ्यात दोन शेतकऱ्यांनी एकाच दिवशी सोयाबीन विकलं. भाव सारखा, आडत्याने हातात दिलेली पट्टीही जवळपास सारखी. एक जण तिथूनच कापडाच्या दुकानाकडे वळतो, वाटेत चार जणांना चहा पाजतो. दुसरा पैसे आतल्या खिशात घालतो आणि सरळ एसटीत बसतो. असं का होतं? आपण पटकन म्हणून मोकळे होतो, 'स्वभावाला औषध नाही.' हे वाक्य कितपत खरं आहे, ते आज बघू.

माणसांचे प्रकार पाडायची हौस तशी जुनीच. आयुर्वेदात वात, पित्त, कफ आहेत. गीतेत सत्त्व, रज, तम आहेत, आणि सतराव्या अध्यायात दानाचेसुद्धा तीन प्रकार सांगितले आहेत. युरोपात कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला आणि अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी जगभर पोचली. आजचं मानसशास्त्र मात्र खाने पाडण्यापेक्षा मोजपट्टी पसंत करतं. त्या पट्टीवर पाच गुण आहेत : नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि काळजी करण्याची वृत्ती. जसं सगळेच एकदम उंच किंवा एकदम ठेंगणे नसतात, तसंच हे. बहुतेक लोक मधे कुठेतरी असतात.

आता हे गुण पैशात कसे उतरतात? शिस्तीचा माणूस वही ठेवतो. बहिर्मुख माणसाचा पैसा पाहुणचारात जातो. काळजी करणारा उद्याच्या भीतीने आजचा रुपया सोडत नाही. आणि जुळवून घेणारा? त्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून तो मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो, हे लक्षात घ्या.

कंजूस आणि काटकसरी हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकांनी २००८ साली यातला फरक नीट मांडला. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद वाटतो. कंजूस माणसाला पैसे देताना त्रास होतो, मनात अक्षरशः कळ येते. त्यामुळे स्वतःलाच जेवढा खर्च योग्य वाटतो, तेवढाही त्याच्या हातून होत नाही. उधळ्याचं उलटं. ती कळ त्याला पुरेशी येतच नाही, आणि मग तोही स्वतःला नको इतका खर्च करून बसतो. म्हणजे दोघंही स्वतःवर फारसे खूश नसतात!

रिक यांनीच डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांच्यासोबत २०११ साली अमेरिकेतल्या जोडप्यांबद्दल लिहिलं. स्वतःच्या खर्चाच्या सवयीवर नाराज असलेली माणसं उलट सवयीच्या जोडीदाराकडे ओढली जातात, असं त्यात दिसलं. पण लग्नानंतर हाच फरक पैशावरच्या भांडणांचं कारण होतो. आपल्याकडे तर ओढ लागायलाही वेळ मिळत नाही. बघण्याच्या कार्यक्रमात शेती किती, नोकरी कुठे, सगळं विचारतात. पैसे देताना हिला काय वाटतं, त्याला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही.

इथपर्यंत स्वभाव झाला. पण परभणीत अजून एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे पैसा येण्याची वेळ. पगारदाराच्या घरी तो महिन्याला येतो. शेतकऱ्याच्या घरी सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्यानंतर. आणि जूनमध्ये बी-बियाणं, खत आणि पोरांची शाळा एकदमच दारात उभी राहते. तिथून पोळ्यापर्यंत घरात नुसतं जाणं असतं, येणं नसतं.

याचा मनावर काय परिणाम होतो? २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तर्काची कोडी घातली होती, एकदा तोडणीच्या आधी आणि एकदा नंतर. माणूस तोच, डोकं तेच. पण हात तंग असताना त्याला कोडी कमी सुटली, पैसे आल्यावर जास्त सुटली. टंचाईच डोक्यातली जागा अडवून बसते, असा अर्थ अभ्यासकांनी लावला.

म्हणजे आषाढात जो माणूस चिडका, विसराळू, चिंगूस दिसतो, तोच कार्तिकात मोकळा दिसू शकतो. मग त्याचा स्वभाव कोणता धरायचा? आपण बहुधा आषाढातला धरतो आणि शिक्का वर्षभर ठेवतो.

शिक्क्याने काय होतं बघा. 'अहो, खताच्या दुकानाची उधारी किती झाली?' 'तुला काय करायचं त्याचं? मी बघतो की.' तो उधळ्या ठरलेला असतो, म्हणून खरा आकडा सांगायची त्याला लाज वाटते. ती चिंगूस ठरलेली असते, म्हणून तिचा प्रश्न टोमणा वाटतो. उधारी वाढत जाते, आणि ती फक्त एकाच्याच डोक्यात असते. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांनंतर घरोघरी गेलेल्या पत्रकारांनी आणि कार्यकर्त्यांनी हे वारंवार नोंदवलं आहे : किती कर्ज होतं, हे बायकोला मागाहून कळलं. आत्महत्येचं कारण एकच कधी नसतं, आणि स्वभाव तर नाहीच नाही. पण ओझं एकट्याने वाहणं आणि दोघांनी वाहणं यात फरक आहे.

मग करायचं काय? पैशाचं मोठं बोलणं जूनमध्ये काढू नये, पट्टी हातात आल्यावर काढावं, तेव्हा डोकं जाग्यावर असतं. त्याच दिवशी जूनचा वाटा बाजूला पडावा. बचत गटात किंवा भिशीत हप्ता ठरलेला असतो, म्हणून तिथे उधळ्याचंही शिलकीत पडतं. हात आखडणाऱ्यासाठी दवाखाना आणि शाळा यांचा पैसा आधीच वेगळा काढलेला बरा, म्हणजे ऐनवेळी ती कळ येत नाही. आणि देण्याची एक वही घरात असावी, दोघांना दिसेल अशा जागी. उसनवारी, आडत्याची उचल, पीककर्ज, जामीनकी, सगळं तिच्यात. वहीला स्वभाव नसतो, ती कुणाला टोमणाही मारत नाही.

स्वभावाला औषध नसेलही. पण वेळ निवडणं आपल्या हातात आहे, आणि आकडा सांगणंही. या दिवाळीत एवढं करून बघा. एकमेकांना 'इतका खर्च का केला?' असं विचारण्याऐवजी 'पैसे देताना तुम्हाला काय वाटतं?' असं विचारा, आणि उत्तर मधे न बोलता ऐकून घ्या. काय ऐकायला मिळालं, त्यावर पुढच्या वेळी बोलू.