चहाच्या कुळातील कॅमेलिया
चहाच्याच कुळातील, मूळची चीन-जपानकडील कॅमेलिया इंग्लंडच्या नैऋत्येस कॉर्नवॉलमध्ये चांगलीच रुळली; तेथील केअरहेजच्या बागेत जे. सी. विल्यम्स यांनी १९२० च्या दशकात दोन जातींचा संकर करून जी वाणे सिद्ध केली, ती कोमेजलेली फुले आपणहून गाळतात. जपानी जातीवर मात्र तपकिरी पडलेली फुले तशीच चिकटून राहतात, व ती खुडण्याचे काम माळ्याच्या माथी येते. जमीन आम्लधर्मी हवी; चुनखडीची असल्यास कुंडीच पत्करावी. पूर्वाभिमुख जागा टाळावी, कारण रात्री गोठलेल्या कळीवर सकाळचे ऊन एकाएकी पडले, की पाकळ्या करपतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, कळ्या धरतेवेळी, पाण्यात कसूर झाली, तर तिची वसुली पुढल्या वसंतात होते: टपोऱ्या कळ्या न उमलताच गळतात, आणि बागेचा धनी दोष देतो तो थंडीला.